रविवारच्या गाण्यातला कोंबडा

इंग्रजी गाणी मला कधी आवडली नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नातवंडं माझ्या तरुणपणातली गिटारची गाणी शोधून शोधून ऐकतात आणि "आजी, तू ही तेव्हा ऐकायचीस?" म्हणून डोळे मोठे करतात. ऐकायचे बाबांनो. दर रविवारी दुपारी, अर्धा तास, तोंडवलीला सासरच्या पडवीत, डोक्यावर पदर घेऊन ऐकायचे.

आमचे हे बोटीवर होते. खाली इंजिनात, तेलपाण्याच्या कामावर. लग्नानंतर दोन महिन्यांनी गेले ते वर्षाने आले, आणि येताना लाकडी पेटीचा रेडिओ घेऊन आले. वाडीत वीज नव्हती. विटेएवढी बॅटरी जोडली की तो बोलायचा. परत जायच्या आदल्या दिवशी मला विहिरीवर गाठून म्हणाले, "आयतवारी दुपारी सिलोनवर इंग्लिश गाणी लागतत. बोटीवर आमचो गोंयकार कुक तीच लावता. तू हंय ऐक, मी थंय ऐकतंय."

मी म्हटलं, "माका त्यातला काय कळतला?"

"माका तरी खंय कळता!" म्हणाले आणि घागर उचलून दिली.

आता, त्या काळी नवऱ्याने बायकोला पत्र लिहायचं हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का? पत्र यायचं ते मामंजींच्या नावाने, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, ते पडवीत बसून मोठ्याने वाचायचे. शेजारपाजारचे पण ऐकायला यायचे. शिरसाष्टांग नमस्कार, मग गुरांची चौकशी, मग आंब्याला मोहर कसा आहे. माझं नाव त्यात कुठून असणार! पण पहिल्याच पत्राच्या शेवटी होतं, 'रविवारची गाणी ऐकली. तिसरे चांगले होते. घरात कोणी ऐकले असल्यास कळवावे.'

घरात कोणी म्हणजे मी. सगळ्यांना कळलं. मी उठून चुलीपाशी गेले आणि उगाच लाकडं आत सारत बसले.

मी वालावलची, माहेरी सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून उत्तर लिहायचं काम माझ्याकडे. मामंजी सांगायचे, मी लिहायचे. सगळं झालं की ते चष्मा काढायचे, अडकित्ता हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "आता त्या गाण्यांचा काय ता तूच लिही." नंतर वाचून मात्र बघायचे. त्यामुळे मी फक्त गाण्यांचंच लिहायचे. 'तिसरे घरातही आवडले. पाचव्यात ओरडणे फार.' महिन्याभराने उलट उत्तर, 'पाचव्याबद्दलचे म्हणणे पटले.' वाडीतल्या बायकांना मुंबईहून साड्या यायच्या, मला हे यायचं. खोटं कशाला बोलू, मला साडीपेक्षा तेच हवं असायचं.

गाणी सुरू झाली की घरातलं कुणी गप्प बसायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "ह्येका कोण मारता काय गो? इतको बोंबलता कित्याक?" शेजारची काकी येऊन दोन गाणी ऐकायची आणि सांगायची की यांना घशाचा आजार आहे, ओव्याचा काढा द्यायला हवा. मामंजी पूर्वी दशावतारात मृदंग वाजवायचे. ते डोळे मिटून मांडीवर बोटं आपटायचे. एकदा म्हणाले, "गाणारो काय म्हणता ता माका कळणा नाय. पण मागे वाजवणारो तालात आसा." हे मी पत्रात जसंच्या तसं घातलं. यांचं उत्तर आलं, 'बाबांना कुकाने शाबासकी सांगितली आहे.' मामंजींनी ते वाक्य तीनदा वाचलं.

मग एका जूनमध्ये बॅटरी संपली. उन्हात ठेवावी तर ऊन कुठे! चुलीजवळ ठेवून शेकली, हलवली, थोपटली. दोन दिवस कुजबुजली आणि मेली. शिरा पडो तिच्यावर! मामंजी म्हणाले, "चतुर्थी होऊन जाऊ दे, मग मालवणात बघूया." चतुर्थी गेली, भात कापायला आलं, बॅटरी काही येईना.

पण पत्रं यायची थांबली नव्हती. 'रविवारची गाणी ऐकली. घरात कोणी ऐकले असल्यास कळवावे.' बॅटरी संपली असं कळवलं असतं तर काय झालं असतं? ती ओळ बंद झाली असती. नवऱ्याच्या अख्ख्या पत्रात माझी म्हणून एवढीच जागा, ती मी हातची घालवू? मी ठोकून दिलं. 'दुसरे बरे होते. चौथ्यात ढोलकी जास्त.' मामंजींनी वाचलं. रेडिओ मुका आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पाकीट चिकटवलं.

महिन्याने उत्तर, 'चौथ्यात ढोलकी जास्त होती, बरोबर.' मला हसू आलं. म्हटलं, मेली गाणीच सगळी एकसारखी, काहीही लिहा, कुठेतरी लागू पडणारच. पण पुढचीही दोन तशीच लागू पडली, तेव्हा मनात पाल चुकचुकली. म्हणून मुद्दाम लिहिलं, 'गेल्या खेपेच्या दुसऱ्या गाण्यात मध्येच कोंबडा आरवला, तो फार आवडला.'

"कोंबडो?" मामंजी इतकंच म्हणाले. पाकीट चिकटवलं.

उत्तर आलं, 'कोंबडा उत्तमच आरवला.'

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे हा माणूस गाणी ऐकतच नाही! मग रविवारी दुपारी असतो कुठे? बंदरात उतरून करतो काय? काय काय मनात आलं ते या वयातसुद्धा सांगायला नको. मी स्वतः पाच महिने थापा मारत होते, ते मात्र सोयीस्कर विसरले. पत्रात भांडायची सोय नव्हती, म्हणून सगळं पोटात ठेवलं आणि गाण्यांचं लिहीत राहिले. पण लिहिताना आधीसारखं वाटेना. आमच्या दोघांमध्ये तेवढंच एक होतं आणि तेही फसवं निघालं, असं धरून बसले होते.

हे आले शिमग्याच्या आधी. मामंजींनी त्याच आठवड्यात मालवणहून बॅटरी आणवली. मी रविवारची वाट बघत होते. हे अंगणात पाठमोरे बसून दोर वळत होते. मी रेडिओ लावला आणि आवाज होता तेवढा सोडला. तो गाणारा असा किंचाळला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या, सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. यांनी मान वळवली नाही.

मी पाठीमागे जाऊन म्हटलं, "ह्या गाण्यात कोंबडो आसा काय?"

उत्तर नाही.

"मी काय विचारतंय?"

उत्तर नाही. तणतणत समोर जाऊन उभी राहिले. यांनी वर बघितलं ते माझ्या तोंडाकडे, ओठांकडे. तेव्हा डोक्यात आलं की आल्यापासून हे सगळ्यांच्या तोंडाकडेच बघतायत. मी खाली बसले.

"दीड वर्सा झाली," हे म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा. "इंजिनान कान खाल्ल्यान. डॉक्टराक कळला तर बोटीवरसून उतरवतीत, म्हणान गप रवलंय. पत्रात लिवचा तर बाबा मोठ्यान वाचतत."

"मगे कोंबडो?" मी ओठ हलवून विचारलं.

"तू लिवलंस म्हणजे आसतलोच."

मला रडू फुटलं. म्हटलं, नव्हतो हो कोंबडो, बॅटरीच संपली होती. यांना कळेना. "काय?" पुन्हा सांगितलं. "काय?" शेवटी ओरडून सांगितलं, "बॅटरी संपली होती! मी खोटा लिवलंय! सगळा खोटा!" सासूबाई चुलीपासून बाहेर आल्या, काकी कुंपणाशी आली, पडवीत मामंजींचा अडकित्ता थांबला. मला कुणाचीही लाज वाटली नाही. हे पोट धरून हसायला लागले.

हे परत बोटीवर गेले नाहीत. माडांचं बघू लागले. आमचं पुढचं सगळं बोलणं ओरडून झालं, वाडीला ऐकू जाईल असं. पुढच्या रविवारी मात्र मी रेडिओ लावायला गेले तर पेटीवर एक वही आणि पेन्सिल होती. मामंजींनी ठेवली असणार. आम्ही दोघं पडवीत शेजारी शेजारी बसलो. मी ऐकायचे आणि लिहायचे, 'पहिले बेताचे. तिसरे चांगले.' हे वाचून खाली लिहायचे, 'पटले.'

पाचवं संपल्यावर यांनी अगदी गंभीर तोंड करून पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'कोंबडा होता का?'

मी लिहिलं, 'होता.'