ओहोटीतले चंद्रसूर्य

सगुणा,

तू जाऊन दोन वर्षं झाली, तरी माझं तुझ्याशी भांडण चालूच आहे. आज कागदावर.

देवनारपलीकडच्या खाडीवर तू जन्मलीस, तिथेच नांदलीस. नवरा बुडाल्यावर नाहूरला दारोदार बोंबील विकून एकटीने लेकीला, जयाला वाढवलंस. माझ्या दारात पाटी उतरवून एकदा म्हणालीस, "तू कॉलेजात इतिहास शिकवायचीस ना गो? आमच्या चिखलात चांद-सूर्य हाय. बघायला ये."

आले. एक्क्याऐंशी सालची अमावस्या, सकाळचे सहा. पाणी इतकं मागे गेलेलं, की खाडी आपलं घर सोडून कुठे निघून गेल्यासारखी वाटत होती. धुक्यात तुझं लुगडं पुढे, गुडघाभर चिखलात मी मागे. मग पायाला दगडी पायऱ्या लागल्या, कुठेच न उतरणाऱ्या. शेवटच्या पायरीशी एक उभा दगड: वर चंद्र आणि सूर्य, खाली सात ओळी. जुन्या बंदराचा दानलेख. चंद्रसूर्य असेतो हे दान चालेल, असं कुणीतरी कबूल केलेलं. खालच्या चार ओळी कालवांनी झाकल्या होत्या. तू कोयती काढलीस.

"खबरदार! अक्षरं जातील!"

"अगो, आईच्या वेळपासून हितलीच कालवं खातो आमी."

"म्हणजे अर्धा लेख तुमच्या पोटात गेला!"

"मग काय लिवलंय ते आमालाच विचार की!" आणि इतकी हसलीस, की दोन बगळे उडाले.

त्र्याऐंशीत खाडीत भराव पडू लागला. ट्रकमागून ट्रक, रोज थोडी खाडी कमी. मी अर्जांवर अर्ज केले. शेवटी पुरातत्त्व कचेरीचे साहेब आले, अमावस्येलाच, पण दुपारी बाराला, ऐन भरतीत! समोर नुसतं चकाकतं पाणी.

"सहा तास थांबा, दाखवते," तू म्हणालीस. साहेब घड्याळाकडे बघून हसले. अहवालात लिहिलं, अवशेष आढळले नाहीत.

मी संतापले. तू शांत. "दगड जाऊं दे भरावाखाली. जागा ध्यानात हवी. जाळ्याचे खुंट पाण्याखालीच असतात, ते कसे सापडतात आमाला?" मग खुणा सांगितल्यास. देवळाचा कळस टेकडीच्या खाचेत दिसला पाहिजे, आणि तिथूनच एक ताड बरोबर कारखान्याच्या धुराड्यासमोर आला पाहिजे. दोन्ही जुळले, की चंद्रसूर्य पायाखाली. ताड होते अकरा. त्यातला कुठला, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नव्हतं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, असली पुरावस्तुशास्त्रं मी ऐकून घ्यायची!

वर्षभराने भराव पायऱ्यांपर्यंत आला, तेव्हा जया तुझा निरोप घेऊन आली. ताड तोडणार आहेत. रविवारी अमावस्या हाय, सकाळी सहाला ये, नकाशा आण, जागा मांडून घे. तुला लिवता येतं, मना नाय.

"येते म्हणून सांग," मी म्हटलं.

आणि त्या रविवारी साहेबांच्या वरच्या साहेबांना चौथा अर्ज टाइप करत बसले. तोच महत्त्वाचा वाटला. दगडाकडे काय, पुढच्या ओहोटीला जाऊ.

पाणी कमरेला लागेपर्यंत तू दगडाशी उभी होतीस, असं जया सांगते. मंगळवारी अकराच्या अकरा ताड पाडले, आणि पुढच्या ओहोटीआधीच दगड भरावाखाली गेला. नकाशावर फुली मारायची राहिली, ती राहिलीच.