ताणावरची चाळीस झाडं

सुभानबाबांनी मला ठेवून घेतलं, हे आधी लिहितो. काय घडलं ते मागाहून. खराडीला नदीकाठी त्यांची डाळिंबाची बाग आहे. वय त्यांनाही नीट सांगता येत नाही, पण ऐंशीच्या पुढे खचित. मी कोकणातला. वडील गेले तेव्हा पंतोजींच्या शाळेत माझी जोडाक्षरं चालू होती, ती तशीच अर्धी राहिली. मोठा झाल्यावर आई आणि बायको यांना गावी ठेवून घाट चढलो. पुण्यात कुठे चार दिवस, कुठे आठ दिवस टिकत अखेर या बागेवर मोट हाकायला लागलो. माझं मन मुळातच भित्रं. काम मिळालं की ते जाणार ही धास्ती त्याच दिवशी सुरू होते.

बाबांसारखा कष्टाळू माणूस मी पाहिला नाही. बागेतली विहीर त्यांनी भावांबरोबर स्वतः खणलेली. तीन उन्हाळे त्यात गेले. दोनदा लष्कराचा तळ काठावर पडला. घोड्यांनी पाला ओरबाडला, शिपायांनी चुलीसाठी झाडं तोडली. दोन्ही वेळा बाबांनी उरलेल्या बुंध्यांना माती चढवली, फुटवे राखले आणि फळाची वाट पाहत वर्षं काढली. आता मुलं-सुना-नातवंडं सगळी राबतात, तरी पहिलं खोरं बाबांचंच पडतं. पुण्यात वाड्यापुढच्या बाजारात त्यांची गाडी पोचली नाही तर एक बाई दुसऱ्या विक्रेत्याला म्हणायच्या, "अहो, खराडीच्या बाबांची असतील तर द्या. आंबटच खायचं तर घरी चिंच आहे."

डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यायचा. पावसाळा सरला की पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून गळेपर्यंत झाड तहानेलंच ठेवायचं. मग आळी खणून, खत घालून पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्या गावी झाडाला पाणी नको म्हटलं तर माणसं हसतील.

चंपाषष्ठीला सगळं घर जेजुरीला निघालं. जाताना बाबा एवढंच म्हणाले, "कोकण्या, झाडांना थेंब द्यायचा न्हाई. म्या आल्यावर बघीन."

पहिल्या दिवशी पानं पिवळी दिसली. दुसऱ्या दिवशी झाडांखाली सडा. मला वाटलं, बाग माझ्यावर सोपवली आणि ती मरते आहे. विचारू कोणाला? भैरवनाथाच्या देवळात गेलो आणि पाणी सोडू का, असा कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. आमच्याकडे हे काम गुरवाचं, मी आपल्याच हातानं केलं. उजवं फूल पडलं. तिसऱ्या दिवशी बैल जुंपले. मोटही मीच हाकायची, पाटाचं दारंही मीच धरायचं, म्हणजे पाणी एकेका आळ्यात वळवायचं, त्यामुळे दिवसभरात विहिरीजवळची चाळीस झाडंच भिजली. तेवढ्यावर बैल थकले, ही देवाचीच कृपा.

घर परतलं तेव्हा त्या झाडांवर कोवळी पालवी डोकावत होती. मी आनंदानं दाखवायला गेलो. थोरला मुलगा खंडूदादा ते पाहून मटकन बांधावर बसला. "ताण मोडला! आता फूल न्हाई, पालाच खा वर्षभर!" तो ओरडला. "बाबा, ह्याला आजच वाटंला लावा." मी रडत कौलाचं सांगितलं. बाबांनी भिजलेली माती चिमटीत घेऊन पाहिली.

"देवाला डाळिंबाचं विचारायचं नसतं," ते म्हणाले. "त्यानं कवा बाग केली हाय?"

मग खंडूदादाकडे वळले. "ही चाळीस झाडं ह्याची. बहार आला तर राहील. न्हाई आला तर तू म्हणशील तसं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबा कुदळ घेऊन त्या झाडांशी हजर. ओली माती बाजूला ओढायची, मुळ्या उघड्या करायच्या, ऊन खाऊ द्यायच्या. म्हणजे झाड पुन्हा ताणावर जाईल. चूक माझी, आणि शेजारी वाकून खणत होता ऐंशी वर्षांचा माणूस. मी कुदळ जोरात घातली की म्हणायचे, "मुळी हाय ती, वैरी न्हाई." सहा दिवस आम्ही खणलं.

सातव्या दिवशी आभाळ भरून आलं. आता पाऊस पडला तर चाळीसच काय, सगळ्या बागेचा ताण मोडणार होता. नदीपलीकडे सरी कोसळताना दिसत होत्या.  मी कुदळ टाकून देवळाकडे निघालो.

"कुठं?" बाबांनी विचारलं.

"कौल लावतो, बाबा."

"लाव. पर ह्या खेपेला दोन्ही फुलं सारखीच घट्ट लाव."

 मागच्या खेपेला उजवं फूल मी मुद्दाम सैल चिकटवलं होतं. ते कोणी पाहिलं नव्हतं. बाबा माझ्याकडे बघतही नव्हते. ते मातीच ओढत होते. देवाकडून मला उत्तर नकोच होतं, माझ्या भीतीवर त्याचा शिक्का हवा होता. मी परत फिरलो आणि कुदळ उचलली. मनात एवढंच म्हणालो, "नाथा, आता तू करशील ते." आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे काही न मागता त्याच्यासमोर उभा होतो, तेही बागेत, घामानं भिजलेला.

तीन दिवस ढग तसेच राहिले. पलीकडच्या गावांत पाऊस झाला, आमच्या काठावर थेंब नाही. चौथ्या दिवशी ऊन पडलं. यावर मी काही म्हणत नाही.  बाबा मात्र देवळापुढून जाताना त्या दिवशी पागोटं काढून जरा जास्त वेळ उभे राहिले.

बाकी बागेच्या महिनाभर मागून माझ्या झाडांना पाणी सुटलं. सात झाडांनी नुसता पाला धरला. उरलेल्या तेहतीस झाडांवर एका सकाळी लाल कळ्या दिसल्या, मिरचीच्या टोकाएवढ्या. खंडूदादा एकेक फांदी वाकवून बघत गेला. शेवटी म्हणाला, "ऱ्हा बाबा, ऱ्हा. पर बैलांना हात लावायच्या आधी विचारत जा." मला तिथंच हसू आणि रडू एकदम आलं.

पूर्वी मी देवाला रोज दहा प्रश्न विचारायचो. आता सकाळी हात जोडतो आणि कामाला लागतो. भिणं गेलं असं नाही, पण त्याच्या हातात दारं देऊन मोकळं होता येतं, हे कळलं.

बाबांची नजर आता अधू होत चालली आहे. लांबची झाडं ते जवळ जाऊन, हातानं चाचपून ओळखतात. त्यांनी मला जे दिलं ते फेडण्याजोगं माझ्याजवळ काही नाही. पण ज्या दिवशी त्यांना जवळचंही दिसेनासं होईल, त्या दिवसापासून मी रोज त्यांना हाताला धरून बागभर फिरवीन आणि एकेका झाडाचं सांगेन, कोणतं फुललं, कोणतं रुसलं. जसं असेल तसंच सांगेन, बाबा. हा माझा शब्द.