काकींची शिसारी

काकींना उवांची शिसारी येत नसे. चिघळलेल्या जखमेची, ओकारीची, महिनोन्‌महिने पाणी न लागलेल्या अंगाच्या वासाचीही येत नसे. ज्या बाईजवळून एसटी स्टँडवरची माणसं नाकाला रुमाल लावून सटकत, तिच्या खांद्यावर हात टाकून काकी तिला रिक्षात बसवत आणि वाटेत तिच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत. पण माझ्या मोबाईलवरचा एक फोटो पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "काड ते म्होरनं. मला शिसारी येती."

मी तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीत होतो. सामाजिक संस्थांना इंटरनेटवरून देणगीदार मिळवून द्यायचे, हा कंपनीचा धंदा. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे माझ्याकडे. संस्थेत जायचं, फोटो काढायचे, तिची गोष्ट लिहायची, तिच्या नावाचं एक पान तयार करायचं आणि त्याची लिंक जगभर सोडून द्यायची. काम वाईट नव्हतं. वाईच्या बाजूला एका छोट्या शाळेला दुबईतल्या कुणा मराठी माणसाने बाकं दिली, तेव्हा मी आठवडाभर हवेत होतो.

काकी इस्लामपूरच्या अलीकडे, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये राहत. रस्त्यावर सापडलेल्या, डोकं ठिकाणावर नसलेल्या बायकांना त्या तिथे आणून सांभाळत. यजमान फौजेत होते. ते गेल्यावर त्यांच्या पेन्शनीवर आणि गावच्या धान्यावर हा संसार चाले. आता शेडच्या मालकाला जागा परत हवी होती. यजमानांच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा होता, पण त्यावर घर बांधायला पैसा नव्हता. घर उभं राहिलं नाही, तर बायका पुन्हा स्टँडवर जाणार होत्या. म्हणून मी तिथे गेलो होतो, आणि नमुना म्हणून दुसऱ्या एका संस्थेचं पान त्यांना दाखवत होतो. त्यावर जटा झालेली, अर्धवट उघडी, कचऱ्यातलं खाणारी एक बाई होती. खाली लाल अक्षरांत 'आत्ता मदत करा'.

"अहो काकी, असं दाखवल्याशिवाय लोक देत नाहीत," मी म्हणालो.

"व्हय? मग उद्या ही बरी झाली, भावानं घरी न्हेली, आन् गावात कुनी मोबाईलवर ह्ये दावलं, तर तिनं तोंड कुटं लपवायचं? आदी आंगूळ, मग फोटू. आमच्यात असंच हाय."

आणि खरोखर असंच होतं. नवी बाई आली की दुसरं काही करायचं नाही. बंब पेटायचा. कडुनिंबाचा पाला, शिकेकाई, जटा कापायला मोठी कात्री. मग कोरडं लुगडं, तेल, वेणी. आंघोळ होईपर्यंत काकी तिला नावसुद्धा विचारत नसत. म्हणत, "घाणीत बसून नाव सांगाय बी लाज वाटती मान्साला." वेणी घालून झाली की समोर बसून विचारत, "हां, आता बोल बाई, तू कुनाची?" कित्येक जणी त्या वेळी पहिल्यांदा नाव सांगत.

वेणीचं काम शालनकडे होतं. शालन अशीच कऱ्हाडच्या स्टँडवरून आलेली. बरी झाल्यावर भावाने न्यायला नकार दिला, तेव्हापासून तिथलीच. माझ्या हातात मोबाईल दिसला की ती कंगवा उगारून अंगावर येई, "थांबा! झालं न्हाई अजून!" मी मुकाट्याने आंब्याखाली जाऊन बसे.

वाढदिवसवाल्यांवर तर काकींचा विशेष राग होता. एकदा कुणी पुढारी वाढदिवसाला केक घेऊन आले. बायकांच्या तोंडाला केक फासून त्यांच्या कार्यकर्त्यांनी फोटो काढले. काकींनी बादली आणली, एकेकीचं तोंड धुतलं आणि उरलेलं पाणी पुढाऱ्यांसमोर धरलं. "तुमी बी तोंड धुवा दादा. तुमचं जास्त माखलंय." पुढाऱ्यांची गाडी पुन्हा त्या रस्त्याला दिसली नाही. मला मात्र पुढचे दोन दिवस आठवून आठवून हसू येत होतं.

आम्ही पान केलं ते काकींच्या पद्धतीने. तेल लावलेल्या, वेणी घातलेल्या बायका, एका ओळीत, जरा अवघडून बसलेल्या. साहेबांनी, म्हणजे माझ्या पुण्यातल्या वरिष्ठांनी, त्याला 'एका निराधार मातेचा आक्रोश' असं नाव दिलं होतं. काकींनी वाचायला लावलं. "आक्रोश कुनी केला? आमची शालन आरडती, पर ती तुज्यावर." ते नाव मी काढून टाकलं. देणगी देणाऱ्याला काकींच्या आवाजात निरोप जाई, "तुमच्या पैशाचा साबन आला बरं का. कवातरी जेवाय या." काही लोक खरंच जेवायला आले. पण पैसे साबणापुरतेच येत होते, भिंतींपुरते नाही. साहेब फोनवर म्हणाले, "अरे, या बायका तर आपल्या मावश्यांसारख्या दिसतात. यांना कोण पैसे देणार?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. मावशीसारखी दिसली म्हणून बाई मदतीला नालायक ठरते, हे ज्या डोक्यात शिजतं त्याला कुठला बंब पुरणार?

मग काकी आजारी पडल्या. किडन्या गेल्या होत्या, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगलीच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवलं. मी सगळ्यांना कळवलं, साहेबांनाही. तिसऱ्या दिवशी माझ्याच मावसबहिणीने मला एक व्हिडिओ पाठवला, खाली हात जोडल्याची चिन्हं. रडकं व्हायोलिन वाजत होतं आणि पडद्यावर काकी होत्या. तोंड उघडं, नाकात नळी, केस कपाळाला चिकटलेले, खांद्यावरून कपडा घसरलेला. साहेबांनी मला न विचारता फोटोग्राफर पाठवला होता आणि दवाखान्यातल्या कुणीतरी त्याला आत सोडलं होतं. काकींच्या पानावरही आता तसाच फोटो होता.

पैसे धो धो आले. वर्षभर जे जमलं नाही ते चार दिवसांत जमायला लागलं. अमेरिकेतून आले, पुण्यातून आले, आणि काकींना जन्मभर वेडी म्हणणाऱ्या त्यांच्या भावकीतूनही आले. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "बघितलंस? मी सांगत नव्हतो?" त्यांच्या आवाजात आनंद होता, निव्वळ आनंद. शिसारी म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं.

काकी शुद्धीवर आल्या तेव्हा एका नर्सने मोठ्या कौतुकाने तो व्हिडिओ त्यांच्यासमोर धरला. मी शेजारीच होतो. काकींनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग नाकातल्या नळीसकट हळूच म्हणाल्या, "न्हाऊ न घालता काडला रं. येनी तरी घालायची माजी."

मी म्हणालो, "काकी, सगळे पैसे परत करू."

"येडा हायस का? बायकांच्या डोक्यावर छप्पर येऊ दे. आदी न्हानी बांदा, मग खोल्या." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "तेवडा फोटू खाली काड. मी जायच्या आदी काड."

मी साहेबांच्या हातापाया पडलो. ते म्हणाले, "रक्कम पूर्ण होऊ दे, मग काढू. चालत्या गाडीला ब्रेक लावतं का कुणी?" मी रोज फोन करत होतो आणि रोज हेच उत्तर मिळत होतं. त्या रविवारी सकाळी काकी गेल्या. फोटो तसाच होता.

त्यांना शेडवर आणलं. बंब कुणी पेटवला मला माहीत नाही, मी पोचलो तेव्हा पाणी उकळत होतं. आडोशाला लुगडी धरून बायकांनी काकींना न्हाऊ घातलं, शिकेकाई लावून, सावकाश, जणू काकी आत्ताच स्टँडवरून आल्या होत्या. गावची माणसं घाई करत होती. मी आंब्याखाली उभा होतो. हातात मोबाईल होता, आणि तो खिशात ठेवायचंही भान नव्हतं. शालनने मला पाहिलं.

"थांबा," ती ओरडली. "झालं न्हाई अजून."

तिने केसांत तेल घातलं. भांग पाडला. वेणी घातली, पदर नीट केला, हनुवटीखाली रुमाल बांधला होता तो पदराआड लपवला. मग दोन पावलं मागे सरली, काकींकडे पाहिलं आणि डोळे पुसून मला म्हणाली, "हां. आता काडा."

पानाचा पासवर्ड माझ्याकडेही होता; नोकरीच्या भीतीने इतके दिवस मी तो वापरला नव्हता. तिथेच आंब्याखाली बसून मी जुना फोटो आणि व्हिडिओ पुसून टाकला आणि हा लावला. खाली एवढंच लिहिलं, 'काकी गेल्या.' घटकाभरात साहेबांचा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. पुढे नोकरी गेली आणि देणग्यांचा ओघही आटला. घराला अजून गिलावा झालेला नाही. न्हाणी मात्र सगळ्यात आधी बांधली.