आईने बांधलेलं पोट

ऑपरेशन करून घरी आलो त्या आठवड्यात मी टीव्हीचा रिमोट भिंतीवर फोडला, पाण्याचा तांब्या दारावर हाणला आणि बाथरूमच्या आरशाला बुक्की मारली. आरशातल्या माणसाच्या पोटावर छातीपासून बेंबीपर्यंत उभी चीर होती. बरगडीखालून एक नळी बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी लोंबत होती. त्या माणसाकडे बघवत नव्हतं.

वजन उतरवायचं ऑपरेशन. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं ती, आमच्या भाईंदरकडे असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. जठर कापून लहान करतात आणि आतडं त्याला जोडतात, असं सांगितलं की लोक मला वेड्यात काढायचे. पण मला वाकून चप्पल घालता येत नव्हती, झोपेत श्वास अडकत होता. असेच राहिलात तर पन्नाशी बघणार नाही, असं मुंबईच्या डॉक्टरने तोंडावर सांगितल्यावर माझी फाटली आणि मी सही केली.

‘थोडं दुखेल’ म्हणाले होते. थोडं! हसलो तरी कुणीतरी आतून कोयता फिरवतोय असं व्हायचं. खोकताना उशी पोटावर दाबून धरायची होती. ती मी इतकी आवळली की तिची शिवण उसवून कापूस बाहेर आला. गोळीचा असर उतरायला लागला की मी शिव्या सुरू करायचो, देवाला, डॉक्टरला, पंख्याला, जे समोर येईल त्याला.

“अहो, शेजारी ऐकतायत,” बायको म्हणायची.

“ऐकू देत! त्यांचं पोट फाडलंय का?”

डॉक्टरांनी भीती एकाच गोष्टीची घातली होती. आतला जोड. बाहेरचा टाका तुटला तर परत घालता येतो, पण आतला जोड सुटला तर प्यायलेलं पाणीसुद्धा पोटात पसरतं आणि माणूस हातचा जातो. मी दिवसभर छताकडे बघत तेवढंच घोकत पडायचो.

एका दुपारी बायको गोळ्या आणायला खाली गेली असताना राई गावाहून आई आली. आमचं मूळ घर राईचं. पूर्वी भातशेती, थोडं मिठागर. जमीन गेली, वर इमारती आल्या, पण आई घर सोडून आमच्या फ्लॅटमध्ये राहायला तयार नव्हती. पाड्यात कुणीही बाळंत झालं की पोट बांधायला आईलाच बोलावणं यायचं. बाळंतिणीचं पोट नीट बांधलं नाही तर रिकाम्या जागेत वात शिरतो, हे तिचं ठाम मत. तिच्या काखेत जुन्या मऊ लुगड्याची घडी होती.

“पोट फारलाय ना तुजा? मंग बांधाला नको?”

“आये, मी काय बाळंत झालोय?”

“गप र्‍हा. पोट ता पोट. बाईचा काय न् बाप्याचा काय.”

शुद्धीतल्या माणसाने तिला हाकलून दिलं असतं. पण मला इतकं दुखत होतं की कुणी विस्तव लावून बरं करतो म्हणालं असतं तरी मी पोट पुढे केलं असतं. उठून बसलो. तिने लुगडं गुंडाळलं, माझ्या पाठीला गुडघा लावला आणि ओढलं.

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी बोंबललो. तिने दुसरा वेढा घेतला, पुन्हा ओढलं. आणि खोटं कशाला बोलू, तिसऱ्या वेढ्याला दुखणं थांबलं. इतके दिवस लदलदणारं पोट एका जागी बसलं. मला रडू आलं. आई मागे गाठ मारत म्हणाली, “बग, सांगत व्हते ना.”

हे सुख घोटभर पाणी पिईपर्यंत टिकलं. पाणी खाली उतरेना. श्वास वरच्या वर अडकला आणि उलटी आली. आवळलेल्या पोटाने उलटी काढायची म्हणजे काय, ते मी वैऱ्यालाही सांगणार नाही. नळी मुडपून बरगडीत घुसत होती. आतून काहीतरी टरकन फाटल्यासारखं झालं. मी मागे हात घालून गाठ ओरबाडायला लागलो. आई पाठीमागून मला धरायला आली आणि मी कोपर फेकला. तो तिच्या तोंडावर बसला. ती कपाटावर आदळली, ओठ फुटला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्या वाटेत कुणी आलं असतं तर मी त्याला मारलंच असतं.

“सोड! जीव घेतेस माझा, सोड!” मी बोंबलत होतो.

तिची गाठ सुटणारी नव्हतीच. ती स्वयंपाकघरात धावली, सुरी घेऊन आली आणि लुगडं टराटरा कापत गेली. शेवटचा वेढा लालभडक होता. तेवढ्यात बायको दारात आली. तिने माझं पोट बघितलं, सासूच्या हातातली सुरी बघितली आणि किंचाळली.

गाडी मिळेपर्यंत आणि चेकनाका ओलांडून मुंबईत पोहोचेपर्यंत मी प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या सीटवर लाथा मारत होतो. हॉस्पिटलात डॉक्टर ओरडला, “किसने बांधा ये?” बायकोने आईकडे बघितलं. आईचा ओठ सुजला होता, डॉक्टरला काय ते कळलं. बाहेरचे टाके तुटले होते, ते परत घालणार होते. पण आतलं? त्यासाठी त्यांनी मला निळं पाणी प्यायला दिलं. जोड सुटला असेल तर ते निळं पाणी नळीतून पिशवीत उतरेल. उतरलं तर पोट पुन्हा उघडायचं, आणि त्यातून उठेन की नाही याची खात्री डॉक्टर देत नव्हता.

मी घोट घोट घेत होतो. बायको माझा हात धरून बसली होती. आई खाटेच्या बाजूला जमिनीवर बसली आणि पिशवीसमोर चेहरा नेऊन बघत राहिली. नर्सने हटकलं, बायको म्हणाली, “आई, तुम्ही बाहेर बसा ना.” ती हलली नाही. पापणीसुद्धा हलली नसेल. पिशवीत येत होतं ते फिकट लालच. बराच वेळ लालच. मग डॉक्टर म्हणाला, “बच गए.”

टाके घालताना सुन्न करायच्या इंजेक्शनाचा काही असरच झाला नाही. मी खाटेची दांडी वाकवायला निघालो होतो. त्यानंतर नर्स पोटाचा पट्टा घेऊन आली. पट्टा लावायचाच असतो, फक्त श्वास येईल इतका सैल, आणि नळी मोकळी ठेवून. एवढं आधी सांगायला यांच्या जिभा झडल्या होत्या का? तिला माझ्या देहाभोवती पट्टा पुरवता येईना. नुसती टोकं खेचत होती आणि मला गुरासारखं ओरडायला लावत होती.

“हात लावू नका! आये, तू बांध.”

आईने हात पदराखाली घेतले.

“बांध म्हणतोय ना!”

“मना येत न्हाय,” ती म्हणाली.

मी विनवलं, शिव्या घातल्या. ती भिंतीकडे बघत राहिली. अखेर दोन नर्सनी मिळून पट्टा बांधला.

मी बरा झालो, वाळलो, वाकून चप्पल घालायला लागलो. पाड्यात बाळंतपणं होतच राहिली. बोलवायला बाया आल्या की आई म्हणायची, हातात जोर न्हाय र्‍हायला. आणि त्या गेल्या की विहिरीतून भरलेला हंडा वर ओढायची. चुलत भावाची सून बाळंत झाली तेव्हाही ती तेच म्हणाली. मला राहवेना. मी सगळ्यांसमोर बोललो, “खोटं बोलतेय ती. आहे जोर. मला विचारा.”

तिने उठून माझ्या थोबाडीत ठेवून दिली. माझा गाल संध्याकाळपर्यंत हुळहुळत होता.