जुन्या डिस्कमधल्या मुली

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं मला फसवलं. माझी जुनी हार्ड डिस्क पुसतो असं तोंडानं सांगून त्यानं ती न पुसताच विकली, आणि त्याची शिक्षा आमच्या गल्लीतली एक लेक भोगते आहे.

मी पडेगावात, घराच्या पुढच्या खोलीत, लग्नाचे बायोडाटा करून देते. माहेर शेतकऱ्याचं. टायपिंग लग्नानंतर शिकले, तेही स्वतःच्या पैशानं. पहिला कॉम्प्युटर सेकंडहँड आणला तेव्हा सासरच्यांनी तोंडं वाकडी केली होती. आता त्यांच्याच नात्यातल्या मुली माझ्यासमोर येऊन बसतात. बायोडाटा म्हणजे नुसतं टायपिंग नव्हे. मुलगी एका खुर्चीत, आई दुसरीत, आणि उंची किती लिहायची यावरून दोघींचं जुंपलेलं. जन्मवेळ, मामाचं गाव, अपेक्षा, फोन नंबर, सगळं माझ्यापुढं उघडं होतं. माझ्या खोलीतून ते बाहेर जात नाही, एवढ्या एका भरवशावर माझं काम चालतं.

तर हा कॉम्प्युटर इतका मंद झाला होता, की बटण दाबून मी कुकर लावायला जायची आणि शिट्ट्या होऊन गेल्या तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. जुन्या डिस्कच्या जागी नवी वेगवान डिस्क, एसएसडी टाका, पळायला लागेल, असं जो तो सांगत होता. शेवटी सीपीयूचा डबा रिक्षात घातला आणि शहरात गेले.

दुकानदारावर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. एसएसडीचं खोकं सीलबंद आहे का ते बघितलं आणि सील माझ्यासमोर फोडायला लावलं. आतली रॅम काढून हलकी बसवतील म्हणून रॅमचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. काम होईपर्यंत स्टुलावरून हलले नाही.

"क्या ताई, तुमको तो पोलीस में होना था," तो हसत म्हणाला.

"असते तर पहिलं तुमचंच दुकान तपासलं असतं."

मग किमतीचं निघालं. गाडीची बॅटरी बदलताना जुनी बॅटरी देऊन किंमत कमी करून घेतात, तसं मी विचारलं, जुनी डिस्क घेतली तर किती सोडता?

"जुन्या डिस्कला कोण विचारतं आता?"

मी पर्स उचलली आणि दाराकडं वळले. उंबऱ्यापर्यंतही पोचले नव्हते, तोवर मागून हाक. "या ओ ताई, बसा. घेतो जुनी. तुमच्यापुढं कोण बोलणार?"

इतक्या पटकन वाकणारा दुकानदार मला आवडत नाही. म्हणून मी मुद्दाम विचारलं, यातलं सगळं नव्यात आलंय ना? आणि ही पुसणार ना?

"सगळं कॉपी झालंय. आणि पुसल्याबिगर आम्ही जुना माल ठेवतच नाय. लेकराबाळांची शपथ."

घरी आल्यावर कॉम्प्युटर खरोखर पळायला लागला. काही महिने मी त्या माणसाला मनातल्या मनात बरं म्हणत होते, हे लिहितानासुद्धा डोकं तापतं.

मग एका दुपारी गल्लीतली एक शेजारीण दारात आली. तिच्या मुलीचा बायोडाटा मीच केला होता. पोरगी लग्न होऊन बिडकीनला दिलेली. शेजारणीनं चपला काढल्या नाहीत. फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"हे काय हाय?"

तिच्या मुलीचा बायोडाटा होता. वर माहेरचं नाव, खाली कुणा मध्यस्थाचा नंबर. स्थळांच्या कुठल्याशा ग्रुपवर तो फिरत होता आणि तिथं तो मुलीच्या नणंदेनं बघितला होता.

"सासू म्हणती, आमच्या घरात राहून दुसरीकडं बघायली का? माहेरी पाठवून दिलं पोरीला. लई रडती. लोक म्हणत्यात तुम्ही इकले सगळ्यांचे. किती आले?"

"वहिनी, माझ्या घरात उभं राहून असं बोलू नका."

"मग कुठं उभं राहून बोलू? चौकात?"

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि फोटो मोठा करून बघितला. मुलगी निळ्या ड्रेसमध्ये स्कूटीला टेकून उभी. हा फोटो तिनं स्वतःच नाकारला होता, यात मी जाड दिसते म्हणून. मग साडीतला आणला आणि तो लावलेला बायोडाटा बाहेर गेला. स्कूटीवाला कधी छापला नाही, कुणाला पाठवला नाही. तो माझ्या कॉम्प्युटरबाहेर कुठंच नव्हता.

म्हणजे चोर घरात. त्या संध्याकाळी मी नवऱ्यालाही सोडलं नाही. माझ्या कॉम्प्युटरला हात लावला होता का, सरळ विचारलं.

"मी माझ्या बायकोचा बायोडाटा नीट वाचला नाही," तो म्हणाला, "दुसऱ्यांचे काय वाचणार?"

मी हसले नाही. त्याचा फोन घेतला आणि तपासला. काही सापडलं नाही.

सकाळी त्या मध्यस्थाला फोन लावला. मुलाची आत्या बोलते म्हटलं. आधी त्याच्या फीवर घासाघीस केली, कारण घासाघीस न करणारी आत्या कुणालाही खोटी वाटेल. मग सहज विचारल्यासारखं केलं.

"एवढी स्थळं तुम्हाला मिळतात कुठून, भाऊ?"

"नशीब, आत्याबाई! लासूर स्टेशनला हाफिस हाय माझं. त्याच्यासाठी जुना कॉम्प्युटर घेतला. चालू करतो तर आत पोरीच पोरी. फोटोसकट, नंबरासकट."

"आधीच्या मालकानं पुसलं नव्हतं का?"

"काय बी नाय. जसंच्या तसं."

कुठून घेतला विचारलं. त्यानं दुकान सांगितलं. तेच होतं. माझी डिस्क त्या जुन्या कॉम्प्युटरात बसवून विकली होती. मग मी कोण आहे ते सांगितलं, आणि पुढं जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

मी तडक दुकानात. दुकानदार आधी म्हणाला, कोणती डिस्क? मग म्हणाला, फॉरमॅट मारली होती, घेणाऱ्यानं काहीतरी करून परत काढलं असेल. तो तर म्हणतो चालू केल्या केल्या समोर होतं, असं सांगितल्यावर तिसरंच काढलं.

"भाव कुणी पाडला, ताई? जुनी डिस्क तुम्हीच दिली ना? दिली म्हंजे माल माझा."

गल्लीतही काही जण हेच म्हणतात, म्हणून नीट सांगते. मी डिस्क दिली, मुली दिल्या नाहीत. भंगारात कपाट दिलं आणि आत कुणाचं मंगळसूत्र राहिलं, तर ते भंगारवाल्याचं होत नाही. आणि मी तर विचारून दिली होती. घासाघीस भावात केली होती, शपथेत नाही.

पोलिसांत जायला मी तयार होते. शेजारणीनं हात जोडले. आणखी दहा जणांना कळेल म्हणाली. मग आम्ही दोघी बिडकीनला गेलो. मी सासूला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघी एका गल्लीतल्या. एकमेकींना सांभाळून घेणारच. ज्यानं इकली म्हणता, तो कुठंय?"

पोरगी अजून माहेरीच आहे. तिच्या खोलीची खिडकी माझ्या ओट्यावरून दिसते आणि ती दिवसाही लावलेली असते.

आता दुकानदारा, तुलाच सांगते. मला पैसे नकोत. नवी डिस्क नको. तू दुकानाचं शटर ओढायचं, माझ्याबरोबर बिडकीनला यायचं आणि त्या सासूपुढं उभं राहून सांगायचं, की पोरीचा काही दोष नाही, डिस्क मी न पुसता विकली. गाडी मी करते. कधी येतोस ते सांग.