तळघरातला पेशंट

मेट्रनबाई निवृत्त होऊन धाकट्या भावाच्या द्राक्षमळ्यावर राहायला आल्या, तेव्हा सोबत एक बॅग, एक स्टेथोस्कोप आणि स्वच्छतेचं जन्माचं वेड एवढंच सामान होतं. हॉस्पिटलात त्यांचा दरारा असा, की वॉर्डात त्यांची चाहूल लागली तरी पेशंट आपापल्या चादरी सरळ करायचे. मळ्यावर दरारा दाखवायचा कुणाला? कोंबड्यांना? त्या मेल्या ढुंकून बघायच्या नाहीत.

मळा छोटा. द्राक्षं पिकवण्यापासून त्यांची वाइन करण्यापर्यंत भाऊ-भावजय दोघंच सगळं बघायची. विषारी फवारणी नाही, विकतचं खत नाही. गवत माजलं की वेलींच्या रांगांत बदकं सोडायची. मेट्रनबाईंनी द्राक्षं खुडायचा प्रयत्न करून पाहिला, तर अर्धा घड हातात आणि अर्धा पायाशी.

"वन्सं, तुम्ही बसा हो आरामात," भावजय मायेनंच म्हणाली.

पण जन्मभर दुसऱ्यांना झोपवून ठेवणाऱ्या बाईला कुणी 'बसा' म्हटलं, की तिला ती खुर्चीच टोचायला लागते. आपण इथे मुक्काम लांबलेल्या पाहुण्या आहोत, असं त्यांच्या मनानं घेतलं. काहीतरी उपयोगी पडून दाखवायचंच, असा त्यांनी चंग बांधला.

तोडणीच्या तोंडावर नवरा-बायको बाटल्या आणायला शहरात गेली आणि मेट्रनबाई वाइनच्या तळघरात उतरल्या. भिंतींवर काळपट बुरशी, लाकडी पिंपांवर वर्षानुवर्षांचे ओघळ, आणि कोपऱ्यात रस ढवळायचा तो दांडा! माणसापेक्षा उंच, टोकाला आडवी फळी, आणि त्या फळीवर चिकट काळा लेप.

"या असल्या खोलीत लोकांच्या पोटात जाणारी वस्तू करतात?" त्या भिंतीला म्हणाल्या आणि बाह्या सरसावल्या.

उकळतं पाणी, सोडा, तारेची घासणी. वर चुन्याचा हात. दांडा मात्र धुण्यापलीकडचा होता, तो त्यांनी दोन बोटांत धरून अंगणात नेऊन टाकला. पुढे वाळत घातलेल्या चादरींच्या भारानं दोरी लोंबायला लागली, तेव्हा त्याचाच टेकू लावला आणि विसरून गेल्या.

भाऊ परत आला, तळघराच्या पायऱ्यांवरच थबकला. नव्या भिंतींसारखाच पांढरा पडला. "लख्ख केलंस, ताई," एवढंच म्हणाला. मेट्रनबाई खूश!

तोडणी झाली, द्राक्षं चिरडून पिंपं भरली. एव्हाना रसाला फेस यायला हवा होता, सालांचा थर वर फुगायला हवा होता. रस ढिम्म. भाऊ सारखा खाली जायचा आणि तोंड पाडून वर यायचा. शेवटी मेट्रनबाईंनी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"खरं सांग. काय बिघडलंय?"

"दुधाला विरजण लागतं ना, ताई, तसंच हे. आपलं विरजण बाबांच्या वेळेपासून तळघरातच राहायचं. भिंतींवर, पिंपांवर. द्राक्षांच्या सालीवर असतं थोडं, पण यंदाच्या थंडीत तेवढ्यानं भागत नाहीये."

"म्हणजे ते मी…"

"धुतलंस."

"अहो, विकतची यीस्टची पुडी आणा की," भावजय मध्ये पडली. "एवढं काय त्यात?"

"मग बाबांची वाइन आणि दुकानातली वाइन, फरक काय राहिला?" भाऊ म्हणाला. "आणि थांबावं, तर सगळा रस आंबून व्हिनेगर व्हायचा. उद्या आणतो पुडी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मेट्रनबाई खोलीत गेल्या आणि बॅग भरायला घेतली. फार वाईट वाटत होतं. उपयोगी पडायला गेल्या आणि बापाचं उरलंसुरलं घासून गटारात सोडून आल्या. वाळलेले कपडे घ्यायला त्या अंगणात गेल्या, रागारागानं चादर ओढली, आणि दोरीचा टेकू धाडकन त्यांच्या खांद्यावर आदळला.

आई गं! त्या खांदा चोळतात, तोच नाकाशी तो वास आला. आंबूस, जुना, धुण्याआधीच्या तळघराचा.

मेट्रनबाईंनी हातमोजे घातले नाहीत. पांढऱ्याशुभ्र चादरी चिखलात पडल्या, त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तो घाणेरडा दांडा उराशी कवटाळून त्या धावत सुटल्या.

भावानं फळी हुंगली. डोळे विस्फारले. "हा धुतला नाहीस?"

"धुण्याच्या लायकीचा होता का तो!"

चुलीजवळ रसाची बादली ठेवली आणि फळी तिच्यात बुडवली. उबेनं बादलीत बुडबुडे आले, तसा तो रस थोडा थोडा करून पिंपांत गेला. "आता वाट बघायची," भाऊ म्हणाला. वाट बघणं मेट्रनबाईंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी स्टेथोस्कोप काढला. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पिंपाला नळी लावून त्या डोळे मिटून ऐकत राहायच्या. भाऊ आपला पायरीवर, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखा.

एका सकाळी त्यांनी बोट वर केलं. "गप्प! श्वाससुद्धा घेऊ नकोस."

आत कुठेतरी खोल काहीतरी फुटलं. मग आणखी एक. मग बारीक, न थांबणारी चुरचुर.

"पेशंटनं डोळे उघडले," मेट्रनबाई म्हणाल्या.

भाऊ हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मेट्रनबाई घाईघाईनं पुढच्या पिंपाकडे वळल्या. वर छताच्या कोपऱ्यात एका कोळ्यानं नवं जाळं विणलं होतं. त्यांचा हात झाडूकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला.

तेवढ्यात पायऱ्यांवरून भावजयीचा आवाज आला. "वन्सं, तुमची भरलेली बॅग मी रिकामी करून माळ्यावर टाकलीय. हवी असेल तर शिडी माझ्याकडे मागावी लागेल. आणि मी ती देणार नाही!"

मेट्रनबाईंनी मान वर केली नाही. स्टेथोस्कोप कानात असला, की काही ऐकूच आलं नाही असं दाखवता येतं. ते शेवटचं पिंप तर यंदा रिकामंच होतं, पण त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.