अळीच्या पिशवीचा रंग

गठरी न उघडताच मी रसूलभाईला दोषी ठरवलं. कीटकनाशक कंपनीच्या इन्स्पेक्टरने करू नये अशी ही चूक. ती मी केली.

कलकत्त्यात बडाबाजारातलं एक गालिच्यांचं गोदाम माझ्याकडे तपासणीला होतं. त्या हिवाळ्यात तिथल्या लाल गालिच्यांना कसर लागली. लोकर कसरीचा पतंग खात नाही, त्याची अळी खाते. खाता खाता त्याच लोकरीच्या तंतूंची तांदळाएवढी पिशवी विणते आणि अंगावर घेऊन फिरते. अशा काही पिशव्या मी डबीत भरल्या.

"आली कुठून ही?" गोदामाच्या मालक शेठजींनी विचारलं.

कोपऱ्यात रसूलभाईची गठरी होती. हा काश्मिरी शालवाला दर हिवाळ्यात येई, माल तिथे ठेवी आणि आसपासच्या घरांत विकी.

"पश्मिना आहे तिथे कसर असणारच," मी म्हणालो.

"साहब, एक बार खोलके तो देखो!" रसूलभाई म्हणाला.

मी पाहिलं नाही. शेठजींनी गठरी फुटपाथवर टाकायला लावली. बातमी गल्लीभर झाली. नेहमीच्या घरांनीही त्याला दारातून परत पाठवलं.

रविवारी बायको म्हणाली, "अहो, हा कोट आहे की चाळणी?"

माझा हिरवा लोकरी कोट! गोदामात काम करताना तो मी गालिच्यांच्या थप्पीवर टाकत असे.

मी डबी उघडून भिंग लावलं. पिशव्यांची टोकं लाल होती, मधला भाग हिरवा. अळी वाढते तशी पिशवी दोन्ही टोकांना वाढवते. मधला रंग तिच्या जन्मघराचा. हे मला पाठ होतं, तरी मी पाहिलंच नव्हतं. अळ्या माझ्या कोटावरच जन्मल्या होत्या.

"कोट जाळा, जोशीबाबू, आणि गप्प बसा," ऑफिसात सगळं ऐकून माझे वरिष्ठ मुखर्जीसाहेब म्हणाले. "शालवाला पुढच्या वर्षी येईलच."

"कशाच्या जोरावर येईल, साहेब? सगळा माल तसाच पडलाय त्याचा."

तेव्हापासून दुसऱ्याच्या मालाला हात लावण्याआधी मी स्वतःचे कपडे झटकतो.

त्याच दिवशी कोट न घालताच मी गोदामात गेलो. रसूलभाईला बोलावून घेतलं आणि शेठजींसमोर हात जोडले. "कसर माझ्या कोटातून आली. रसूलभाई, मला माफ करा."

तो म्हणाला, "साहब, यही बात उन घरों में बोलोगे?"

मी त्याची गठरी उचलली आणि त्याच्यामागून निघालो. प्रत्येक दारात तेच सांगितलं, "कीड़ा मेरे कोट में था. इनके माल में नहीं."